एका नंबरचं घर

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आलेला, आणि शेडचं फाटक बंद!

थोरल्या सुनेनं आधी हातानं ढकलून पाहिलं, मग खांदा लावला. मागून तिच्या नवऱ्यानं, म्हणजे पहिलवानानं, पाऊल पुढे टाकलं तसा आतून वॉचमन ओरडला, "पहिलवान, तू नको हात लावूस बाबा! फाटक भिंतीसकट येईल."

हसले सगळे. वॉचमनही हसला. कडी मात्र काढली नाही त्यानं.

घरातले राबते पाचही जण आले होते. दर हंगामाला असेच यायचे, डोक्याला रुमाल बांधून, डबे काखेत मारून. आत गेलं की ज्याची त्याची जागा ठरलेली. नणंद धुण्याच्या हौदावर. सासूबाई पट्ट्याच्या तोंडाशी, सडका माल काढायला. एक सडका टोमॅटो लपून ट्रकमध्ये चढला, तर त्याचा वास सासूबाईंना घरी झोपेत आला आणि त्यांनी उठून ट्रक थांबवला, असं त्या स्वतःच सांगायच्या. धाकटी जाऊ वजनकाट्यावर. थोरली खोक्यात माल रचायला. आणि पहिलवान भरलेली कॅरेट उचलून थप्पी लावायला. त्यानं एकदा घाईत कॅरेटाऐवजी छोटा टेम्पोच उचलून बाजूला ठेवला, आणि आत झोपलेला ड्रायव्हर जागा झाल्यावर आपण गाव चुकलो म्हणून रडायला लागला, हेही सासूबाईच सांगायच्या. पहिलवान नुसता मान खाली घालायचा. खोटं आहे असंही म्हणायचा नाही.

"अरे, उघड की," सासूबाई म्हणाल्या. "उन्हात वाळवण घातलंयस का आमचं?"

"आजी, जुना मालक गेला. शेड कंपनीनं घेतलं. आता निवड कम्प्युटर करणार."

"टोमॅटोची?"

"टोमॅटोची नाही. माणसांची."

"मग टोमॅटो कोण निवडणार?"

"कम्प्युटरनं निवडलेली माणसं."

सासूबाईंनी एकदा वॉचमनकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. "म्हणजे माझी निवड करणारा तो, ज्याला नाकच नाही!"

"फोनवरून अर्ज भरायचा. सोबत रेझ्युमे जोडायचा. आधी कम्प्युटर वाचतो, मग त्याला वाटलं तर साहेब वाचतो."

"तू ओळखतोस ना आम्हाला?" थोरलीनं विचारलं. "सांग साहेबाला."

वॉचमन आपल्या बुटांकडे बघायला लागला. "मी ओळखून काय होतंय, वहिनी? अर्ज मलाही भरायला लावलाय."

डबे न उघडताच पाचही जण परत फिरले. वाटेत शेतं लाल दिसत होती. टोमॅटोंना कुणी सांगितलं नव्हतं, की यंदा जरा दमानं पिका.

घरी आल्यावर पहिलवान उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "शेडचं काम नसेल तर मी जातो धाकट्यासारखा लांबच्या ट्रकवर. धाकटीलाही जावं लागेल त्याच्याकडे शहरात. घरी बसून एवढी तोंडं कशी भरणार?"

धाकटा दीर वर्षातून चार वेळा घरी यायचा. आला की त्याची पोरगी त्याला पाहून थोरलीच्या पाठीमागे लपायची.

"कोणी कुठे जात नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला, पण बोलता बोलता त्यांनी पाचही डबे जवळ ओढून एकाला एक चिकटवून ठेवले. थोरलीनं ते पाहिलं. म्हातारीला मरणाची भीती नव्हती. घर फुटण्याची होती.

---

कम्प्युटरवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. निम्म्यात फोटो काढायचा पडदा, निम्म्यात टेबल. पंखा असा फिरायचा, की वारा देतोय का वारा मागतोय तेच कळत नव्हतं. बाहेर रांग. शेडची सगळी माणसं तिथेच लोटलेली.

"नाव सांगा, शिक्षण सांगा, अनुभव सांगा," कम्प्युटरवाला म्हणाला. "पटापट. आणि हे बघा, आधीच सांगतो. फोटो नाही, चौकट नाही, वेलबुट्टी नाही. साधी अक्षरं. कम्प्युटरला नक्षी वाचता येत नाही, गोंधळतो बिचारा."

"कडेनं एखादं फूलसुद्धा नाही?" धाकटी हिरमुसली.

"फूल टाकलं की अर्ज कचऱ्यात. आणि जाहिरातीत जे शब्द आहेत, तेच शब्द आपण लिहायचे. ते दिसले की तो म्हणतो, हा माणूस आपला. आजी, तुम्ही काय करता शेडमध्ये?"

"वास घेते."

"गुणवत्ता तपासणी," त्यानं टाइप केलं.

"आणि सडका निघाला की फेकते."

"कचरा व्यवस्थापन."

"आणि पोरी गप्पा मारत बसल्या की शिव्या घालते."

कम्प्युटरवाला जरा थांबला. "मनुष्यबळ देखरेख."

सासूबाई खूश झाल्या. आपण एवढ्या मोठ्या आहोत हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धाकटीला विचारल्यावर तिनं काट्याचं काम सांगितलं, नणंदेनं हौदाचं. पहिलवानाला काही बोलताच येईना. तो हात पुढे करून नुसता दाखवत राहिला. तळहातांवरचे घट्टे बघून कम्प्युटरवाल्यानं आपलं आपणच लिहिलं, 'अवजड माल हाताळणी'.

थोरली सगळ्यात शेवटी बसली. खोक्यात माल कसा रचते ते तिनं सांगितलं. खाली कडक, वर मऊ, देठ आडवा, म्हणजे खड्ड्यातून ट्रक गेला तरी एकमेकांना टोचत नाहीत. त्यानं टाइप केलं आणि मग बोट थांबवलं.

"वहिनी, मधली काही वर्षं शेडला नव्हता तुम्ही. तिथे काय लिहू?"

"पोरं झाली. मागोमाग. सासरे अंथरुणावर होते."

"ते नाही चालत. ते काम नाही ना."

"मग काय लिहिणार?"

"काहीच नाही. रिकामी जागा. अनुभवात खंड, असं धरतो तो."

"रिकामी?" थोरलीचा आवाज एवढा चढला की बाहेरची रांग गप्प झाली. "एक कडेवर, एक पोटात, तिसरं माणूस अंथरुणावर, त्याचं सगळं मी करत होते. पाठ टेकायला जागा नव्हती मला त्या वर्षांत. आणि त्याच वर्षांची जागा रिकामी?"

"वहिनी, मी नाही म्हणत. तो म्हणतो." त्यानं कम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

थोरलीनं पडद्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर खुर्ची देऊन उभा राहिला असता. पडदा आपला तसाच. एक उभी रेघ तेवढी लुकलुकत होती.

मग आली फोन नंबरची गोष्ट.

"प्रत्येकाचा वेगळा नंबर हवा," कम्प्युटरवाला म्हणाला. "आणि वेगळा ईमेल. नवीन सिम घ्या, स्वस्त मिळतात."

"वेगळा कशाला?" सासूबाई पुढे सरकल्या. "घर एक, चूल एक, फोन एक. पाच जणांनी पाच नंबर दिले तर गाव काय म्हणेल? म्हातारी जिवंत असताना वाटण्या झाल्या!"

"आजी, गाव नाही वाचत हे. मशीन वाचतं."

"मशीनला तरी का कळू द्यायचं? हाच नंबर घाल सगळ्यांना. कुणासाठीही फोन आला तरी आमच्याच घरात वाजेल."

थोरलीला वाटलं, दुकानदाराचं ऐकावं. ती बोलणारही होती. पण म्हातारीनं जवळ ओढून ठेवलेले पाच डबे तिला आठवले आणि तिनं ओठ मिटले.

कम्प्युटरवाल्यानं घातला नंबर. दुसऱ्या अर्जाला पडद्यावर लाल अक्षरं आली. "हा म्हणतोय, नंबर आधीच आहे, त्यातच भर घालू का? पुढे जाऊ? परत सांगतो, वेगळा नंबर बरा, असं केल्यावर काय होईल याची मला खात्री नाही."

"जा पुढे," सासूबाई म्हणाल्या. "आधीच असणारच. नंबर काय आजचा आहे?"

त्यानं 'हो' दाबलं. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्यालाही दाबलं. बाहेर रांग ओरडत होती.

---

मग वाट बघणं आलं.

ऊन असं पडलं होतं की कुत्र्यांच्या सावल्यासुद्धा कुत्र्यांना सोडून भिंतीला चिकटल्या. थोरली आणि नणंद परक्या शेतात खुरपायला जायच्या. तण कोरडं, मुळं खोल. खुरप्याच्या मुठीनं तळहातावर फोड आला, फुटला, त्यावर परत फोड आला. पहिलवान बाजारात ओझी वाहायला म्हणून गेला, तर तिथे माल उचलणारं चाकांचं यंत्र आलेलं. "तू खातोस, हे खात नाही," आडत्या त्याला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदाला हसला. पहिलवान घरी आला. पाण्यानं भरलेलं पिंप त्यानं उचललं, खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, थोडा वेळ बसला, आणि उचलून परत पहिल्या जागी ठेवलं.

थोरलीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

फोन फळीवर ठेवलेला असायचा. चार्जरची पिन ढिली, म्हणून तिला विटेचा टेकू. कुणी हात लावायचा नाही. धाकट्याचा फोन आला तरी धाकटी दोन शब्द बोलून ठेवून द्यायची, "लाइन मोकळी राहू दे, कंपनीचा येईल." तो तिकडून रागवायचा. ती इकडे डोळे पुसायची.

आणि एका दुपारी फोन वाजला नाही, नुसता किणकिणला. धाकटीनं वाचलं. आधी मनात, मग मोठ्यानं.

"अभिनंदन. आपली निवड झाली आहे."

"कुणाची?" चौघांनी एकदम विचारलं.

"जाऊबाईंची."

"आणि?"

धाकटीनं फोन वरखाली सरकवला, उलटा केला, झटकलासुद्धा. "आणि काही नाही. संपलं."

पहिलवान हसायला गेला, "चांगलं झालं की," म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. सासूबाई म्हणाल्या, "माझी देखरेख नको झाली वाटतं त्यांना." थोरलीला आनंद व्हायला हवा होता. पण तिला वाटलं, आपण सगळ्यांच्या ताटातलं उचलून एकटीनं खाल्लंय.

ती तशीच तडक कम्प्युटरवाल्याकडे गेली. बाकीचे मागून आले. त्यानं कम्प्युटर उघडला, वाचलं आणि हसायला लागला. एवढा हसला की चष्मा काढून ठेवावा लागला.

"वहिनी, कम्प्युटरला वाटलंय तुम्ही पाचही जण एकच बाई आहात! नंबर एक ना. सगळी कामं एकाच नावावर जमा झाली. शेवटचं नाव तुमचं, म्हणून नाव तुमचं. अनुभव आजींचा. वय मात्र धाकट्या वहिनींचं राहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं वय बावीस आणि अनुभव चाळीस वर्षांचा! तुम्ही वास घेता, वजन करता, धुता, रचता आणि अवजड माल उचलता. शंभरपैकी शंभर गुण. जिल्ह्यात पहिल्या."

"जन्माच्या अठरा वर्षं आधीपासून कामाला?" नणंद म्हणाली. "त्याला हे खटकलं नाही?"

"त्याला खंड खटकतो," कम्प्युटरवाला म्हणाला. "हे नाही खटकत."

आता मात्र थोरलीला हसू आलं नाही. पोरं वाढवली ते रिकामं, आणि जन्माला यायच्या आधी राबली ते भरलेलं! तिच्या कानशिलातून वाफ निघाली. त्या वाफेवर चहा झाला असता.

---

साहेब तरुण होता. काचेच्या खोलीत, गार हवेत बसलेला. जुन्या मालकाच्या वेळी तिथे दोऱ्या आणि रिकामी पोती असायची. थोरलीच्या पायाची माती फरशीवर उमटली. साहेबानं ती पाहिली आणि पाय स्वतःचेच मागे घेतले.

"या मॅडम, या. तुमच्यासारखा उमेदवार कंपनीनं अजून पाहिला नाही."

"पाहणारही नाही," थोरली म्हणाली. "कारण ती मी नाहीच." आणि तिनं सगळं सांगितलं. नंबर कसा एक, अर्ज कसे पाच. काचेबाहेर फाटकाशी उभे असलेले चौघे दाखवले. "तो उचलतो. त्या वास घेतात. ती वजन करते. ही धुते. मी फक्त रचते. तुमची चूक नाही, आमची झाली. आता पाच करून घ्या."

साहेबानं पेन दातांवर आपटलं. "ते नाही होणार. यादी बंद झाली. आणि खरं सांगू का? वरच्या ऑफिसला हे फार आवडलंय. या पट्ट्यावर त्यांनी एकच जागा ठेवली आता. एका माणसात सगळं मिळतंय म्हटल्यावर पाच कशाला?"

"पण एका माणसात नाही मिळत! मी सांगतेय ना तुम्हाला?"

"लिहिलंय ना पण."

"मला भरलेलं कॅरेट उचलत नाही, साहेब. चारही बाजूंना धावायला मी काय भोवरा आहे?"

"मग नको म्हणा." तो शांतपणे म्हणाला. "पुढच्या नावाला संदेश जाईल. तुमच्यातलं कुणीच येणार नाही मग."

थोरलीनं साहेबाकडे नीट पाहिलं. म्हणजे याला सगळं कळतंय. कम्प्युटरला कळत नाही ते ठीक, त्याला डोळे नाहीत. याला डोळे आहेत, आणि चौघे समोर उभे आहेत, तरी हा कम्प्युटरच्या मागे लपतोय. शिवी ओठावर आली, ती तिनं गिळली. काचेतून बाहेर पाहिलं. पहिलवानाचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, वाळत घातल्यासारखे. त्याच्या मागे टोमॅटोचे ट्रॅक्टर लागलेले, पार वळणापर्यंत. कॅरेटांतून लाल पाणी ठिबकत होतं. ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवत होते.

"घेते काम," ती म्हणाली.

"शहाण्या आहात. फाटकावरच्या मशीनला उजव्या हाताची पाच बोटं लावा, एकेक करून. मग रोज त्यातलं कुठलंही लावलं की फाटक उघडतं."

"पाच?"

"पाच."

"आणते," थोरली म्हणाली आणि बाहेर गेली.

मशीनपाशी वॉचमन होता. त्याचा अर्ज मंजूर झाला होता बहुतेक, कारण टोपी नवीन होती. मशीनमधून बाईचा गोड आवाज आला, "अंगठा ठेवा."

"अहो," थोरली नवऱ्याला म्हणाली, "ठेवा अंगठा."

पहिलवानानं ठेवला. काचेवर मावेना, पण हिरवा दिवा लागला.

"तर्जनी ठेवा."

"आत्याबाई, तुमची. तुम्हाला सवय आहे."

सासूबाईंनी आयुष्यभर सुनांवर रोखलेलं बोट पुढे केलं आणि जरा दाबूनच ठेवलं. हिरवा दिवा. मधलं बोट थोरलीनं स्वतःचं लावलं. "वन्सं, या." नणंदेनं अनामिका ठेवली. धाकटीनं करंगळी. वॉचमन आभाळात पक्षी मोजत होता.

"धन्यवाद," मशीन म्हणालं. "आपली नोंद पूर्ण झाली."

फाटक उघडलं आणि पाचही जण आत शिरले. हौदाला पाणी सुटलं, पट्टा खडखडला, ट्रॅक्टर पुढे सरकले. साहेब काचेच्या खोलीतून धावत आला तेव्हा पहिली थप्पी छातीएवढी झालेली होती.

"हे काय चाललंय? एकाची निवड झालीय!"

"एकच आहे, साहेब," थोरली मान वर न करता रचत राहिली. "तुमच्या मशीनलाच विचारा. पाच बोटं, एक बाई."

साहेबानं तोंड उघडलं. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ, त्यांना थांबवलंत तर हा सगळा रस्सा तुमच्या त्या काचेच्या खोलीत ओतीन!" साहेबानं तोंड मिटलं.

दिवस मावळायला आला तेव्हा शेवटचा ट्रॅक्टर रिकामा झाला. थोरलीच्या कमरेत कळ होती, बोटांच्या पेरांत देठांचा हिरवा कडू वास. साहेब आला. आता चेहरा जरा उतरलेला.

"काम छान झालं. पण पगार निघणार एकाचाच. मशीनमध्ये एकच माणूस आहे, मी काय करू?"

थोरली उभी राहिली. पाठ सरळ करायला वेळ लागला, तो तिनं घेतला.

"बरं. मग उद्यापासून एकच बोट येईल." तिनं उजवा हात त्याच्यासमोर धरला, पाची बोटं पसरून. लाल, चिरलेली. "कुठलं पाठवू ते तुम्ही सांगा. अंगठा पाठवला तर थप्पी लागेल, पण सडका माल तसाच वर जाईल. तर्जनी पाठवली तर वास घेऊन शिव्या घालील, पण उचलायचं कुणी? सांगा ना, साहेब. शिकलेले आहात. हातातलं कुठलं बोट ठेवू आणि कुठली कापू?"

साहेबानं तिच्या हाताकडे पाहिलं. मग फाटकाबाहेर पाहिलं. उद्याचे ट्रॅक्टर आत्ताच येऊन रस्त्याकडेला लागायला लागले होते. त्यानं फोन काढला, वरच्या ऑफिसला लावला, लांब जाऊन बोलला. बराच वेळ मान खाली घालून "हो सर, नासेल सर, सगळाच नासेल सर," करत राहिला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात कोरा कागद होता, आणि पेन. कॅरेट उलटं घालून त्यावर बसला.

"हंगामापुरतं," तो म्हणाला. "हातानं लिहून घेतो. पाच नावं, पाच पगार. सांगा."

नावं झाली. कामं झाली. थोरलीच्या ओळीशी आल्यावर त्यानं विचारलं, "अनुभव सलग आहे ना?"

"सलग आहे," थोरली म्हणाली. "मधली वर्षं दोन पोरं वाढवली आणि एक म्हातारा सांभाळला. लिहा."

"तसा रकाना नाही हो..."

"कागद कोरा आहे, साहेब. रकाने तुम्हीच पाडताय."

पेन थांबलं. पहिलवानानं उगाच एक भरलेलं कॅरेट उचललं आणि साहेबाच्या अगदी शेजारी, हळूच ठेवलं. साहेबानं लिहिलं. थोरली वाकली, आणि तो सांगितलं तेच लिहितोय ना, हे तिनं धाकटीला शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला लावलं.

"झालं," साहेब घाम पुसत म्हणाला. "आता फक्त प्रत्येकाचा फोन नंबर द्या."

चौघांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"लिही," सासूबाईंनी तर्जनी रोखली. "एकदाच सांगते."